मंडळांनो, एक संध्याकाळ बँडवाल्यांना द्या : मुंबईतल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मांडवात रात्र जागवणारे सगळे कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकतो, कारण मंडळाच्या बैठकीत पाल्हाळ लावणाऱ्याचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. दहा दिवसांतली एक संध्याकाळ, सात ते दहा, आपल्याच शहरातल्या तीन बँडना द्या. एक ब्लूज वाजवणारा, एक फंक वाजवणारा आणि एक स्का वाजवणारा. माणसं समोर, वाद्यं त्यांच्या हातात, पेन ड्राइव्ह खिशात. तिकीट नको. प्रायोजकाचं भाषणही नको (बरं, एक चालेल, कमानीचे पैसे कुठून येतात ते मलाही कळतं).

मी गिरगावात राहतो, दरवर्षी वर्गणीची पावती घेतो आणि सुटीच्या दिवशी एका बँडमध्ये बास गिटार वाजवतो. म्हणजे या पत्रात माझा स्वार्थ आहे. तो वजा करूनही मागणी उरते का, एवढंच तुम्ही बघा.

‘हे स्का म्हणजे काय बुवा?’ असं खजिनदार विचारणारच. पायाने एक-दोन-तीन-चार असे ठोके धरा. पाय जमिनीवर पडतो तिथे नाही, तो वर उचललेला असतो त्या क्षणी गिटारवाला ‘चक’ असा आखूड कट मारतो. प्रत्येक ठोक्याच्या मागे एक. खाली बास चालत राहतो आणि वर ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन मिळून धून वाजवतात. बसलेला माणूस दोन मिनिटांत गुडघे हलवायला लागतो. फंकमध्ये सगळा जीव पहिल्या ठोक्यात. फंकचा अमेरिकन गुरू जेम्स ब्राउन आपल्या वादकांकडून तेवढं एक चोख करून घ्यायचा : मध्ये काय वाटेल ते करा, पण एकावर सगळे एकत्र पडले पाहिजेत. ज्याने आयुष्यात एकदा तरी समेवर मान हलवली आहे त्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. ब्लूज त्याहून सोपा. चार-चार ठोक्यांची बारा घरं, तीन कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरांचे जोड). एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. आणि गायक श्वास घ्यायला थांबला की गिटारने बोलायचं. भजनी मंडळात वाढलेल्या माणसाला यात परकं काय वाटेल, मला तरी सांगता येणार नाही.

आता स्काची जन्मकथा थोडी सविस्तर सांगतो. ती खास तुमच्यासाठी आहे.

जमैकातलं किंग्स्टन शहर, १९५० चं दशक. हॉटेलातले बँड ऐकायला गरीब वस्तीतल्या माणसाकडे पैसे नसत. तेव्हा काही धंदेवाईक डोक्याच्या मंडळींनी माणसाच्या उंचीचे स्पीकर बनवून घेतले, ते टेम्पोत घालून मोकळ्या अंगणात नेऊन रचले आणि अमेरिकेहून आणलेल्या रेकॉर्ड लावून नाचाच्या रात्री सुरू केल्या. याला ते साउंड सिस्टिम म्हणत. पुढचं सगळं तुमच्या ओळखीचं आहे : याची भिंत मोठी की त्याची, याच्या रात्रीला गर्दी जास्त की त्याच्या. प्रतिस्पर्ध्याला गाण्याचं नाव कळू नये म्हणून रेकॉर्डवरची लेबलं खरवडून टाकण्यापर्यंत मजल गेली होती. थोडक्यात, डीजेच्या भिंतीचे पणजोबा तिथले.

मग दशक संपता संपता अडचण आली. अमेरिकेत रॉक अँड रोलची लाट आली आणि जमैकाच्या लोकांना नाचायला आवडायचा तसल्या रिदम अँड ब्लूजच्या नव्या रेकॉर्ड मिळेनाशा झाल्या. तेव्हा कॉक्सन डॉड, ड्यूक रीड, प्रिन्स बस्टर या भिंतवाल्यांनी शहरातलेच वादक गाठले, त्यांना स्टुडिओत बसवलं आणि आपल्या रात्रींसाठी नवी गाणी वाजवून घेतली. त्या वादकांच्या हातात अमेरिकेचा ठोका उलटा झाला, मागचा कट पुढे आला, आणि स्का निघाला. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला तेव्हा सगळा देश याच चालीवर नाचत होता.

याचा अर्थ असा की तुमच्याकडे स्पीकरची भिंत आहे म्हणून मी तुमच्याशी भांडायला आलेलो नाही. भिंत किंग्स्टनलाही होती. पण तिच्या मालकांनी गल्लीतला ट्रंपेटवाला शोधून काढला. आपण अजून तेवढं केलेलं नाही.

हे ट्रंपेटवाले कुठून आले तेही बघण्यासारखं आहे. १९६४ मध्ये स्काटलाइट्स नावाचा बँड तयार झाला, स्काचा सर्वांत नावाजलेला. त्यातले टॉमी मॅकूक, डॉन ड्रमंड, लेस्टर स्टर्लिंग आणि जॉनी मूर हे चौघेही फुंकवाद्यवाले किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकले. कॅथलिक नन चालवत असलेली ही शाळा गरिबाघरच्या आणि वाया गेलेली म्हणून आणून टाकलेल्या पोरांसाठी होती. पोरांच्या हाती धंदा असावा म्हणून सुतारकाम, छपाई शिकवत, तसाच ब्रास बँडही शिकवत.

आता त्याच काळातला गोवा आठवा. चर्चच्या शाळांत लहान मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन धरायला शिकवत. ती मुलं मोठी झाली की ट्रंपेटची पेटी घेऊन मुंबईला यायची आणि धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहात, उतरायची. तिथून कुणी हॉटेलात वाजवायला गेला, कुणी लग्नाच्या बँडमध्ये, कुणी सिनेमाच्या स्टुडिओत. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ असाच आला. मुंबईने त्याला चिक चॉकलेट या नावाने ओळखलं. ताजमहाल हॉटेलात तो जॅझ वाजवायचा आणि दिवसा पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे सी. रामचंद्रांना, गाण्यांचं वाद्यसंयोजन करून द्यायचा. १९५१ च्या ‘अलबेला’त या दोघांचं काम ऐकू येतं, आणि पडद्यावर नाचतात ते गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवान आबाजी पालव, आपले भगवानदादा.

पुढचं सांगायची गरज आहे का? विसर्जनाच्या मिरवणुकीत पन्नाशीतला प्रत्येक काका खांदे हलवत, हात छातीशी घेऊन, जागच्या जागी जे काही करतो ते भगवानदादांचं आहे. त्या पावलांच्या मागे गोव्याच्या ट्रंपेटवाल्याची अमेरिकन चाल आहे. आपण सत्तर वर्षं त्यावर नाचतो आहोत, फक्त वाजवणाऱ्याला स्टेजवर बोलावलेलं नाही.

आणि ‘हे आपलं नाही’ असं म्हणायला कुणी उठलाच, तर त्याला बेंजोपार्टीकडे बोट दाखवा. ज्या वाद्यावर कोळीगीत वाजलं की आपल्या अंगात येतं ते टायपरायटरसारख्या बटणांचं बेंजो जपानी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागोयात ते तयार झालं, समुद्रमार्गे इथे आलं आणि आपण ते इतकं आपलंसं केलं की त्याच्याशिवाय आगमन सोहळा होत नाही. वाद्याला आधारकार्ड कुणी विचारत नाही.

मांडवाचं स्टेजही काही आरतीपुरतं नव्हतं. अगदी सुरुवातीच्या वर्षांपासून या उत्सवात मेळे, म्हणजे पदं गाणारी पथकं, होते, आणि मेळ्यांतली पदं त्या-त्या वर्षाच्या राजकारणावर असायची, इतकी की पोलिसांची त्यांच्यावर नजर असे. पुढे व्याख्यानं आली, नाटकं आली, ऑर्केस्ट्रा आले. ज्यांची आज नावं घेतो त्यांतले कितीतरी कलावंत पहिल्यांदा उभे राहिले ते कुठल्यातरी चाळीच्या गणपतीत. नव्या वादकाला पहिली संधी देणं हे तुमचं जुनंच काम आहे. मध्येच कुठेतरी ते सुटलं, आणि स्टेजवर एलईडी पडदा लागला.

हे संगीत मुंबईत नव्हतं असंही नाही. रंगभवन आठवतं? धोबी तलावाला, झेवियर्सच्या शेजारी. १९७८ ला तिथे पहिली जॅझ यात्रा झाली, सॉनी रोलिन्ससारखा माणूस उघड्या आभाळाखाली सॅक्सोफोन वाजवून गेला. १९८६ ला सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाच्या कित्येक रात्री तिथेच झाल्या. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि रंगभवन गप्प पडलं. मग २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग हे लाइव्ह संगीताचं क्लब उघडलं. आवाज उत्तम, बँड उत्तम. पण दारात भरायचे पैसे ऐकून समोरच्या चाळीतला पोरगा आत पाऊल ठेवत नसे. गिरणीच्या आवारात ब्लूज वाजत होता आणि गिरणगाव बाहेर उभा होता. २०१६ मध्ये तेही बंद झालं. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरू लागला, पहिल्याच वर्षी अमेरिकेचा नामांकित ब्लूज गिटारवाला बडी गाय येऊन गेला, पण तिथेही तिकीट आलंच. बाकी राहिले पब. पबमध्ये बँड कोपऱ्यात वाजतो आणि लोक त्याच्याकडे पाठ करून मॅच बघतात.

स्काची तर याहून पंचाईत. दिल्लीच्या स्का व्हेंजर्स या बँडने देशभर नाव कमावलं. मुंबईत मात्र स्का क्वचित ऐकू येतो. कारण साधं आहे. ब्लूजला तीन माणसं पुरतात. स्काला फुंकवाद्यंच तीन लागतात, म्हणजे सात-आठ जणांचा बँड. पबचं स्टेज तेवढं नसतं आणि पबवाला जे पाकीट देतो ते आठात वाटलं की घरी जायच्या रिक्षाचे पैसे सुटतात. मांडवाचं स्टेज मात्र ऐसपैस असतं.

आणि फुंकवाद्यवाले तुमच्या शेजारीच आहेत. लग्नाच्या बँडपार्टीतला ट्रंपेटवाला, युफोनियमवाला, क्लॅरिनेटवाला भाद्रपदात काय करतो? चातुर्मास चालू, लग्नं बंद. आगमनाचा दिवस, विसर्जनाचे दिवस सोडले तर मधल्या संध्याकाळी त्याची पेटी बंद असते. त्याच वेळी अंधेरी-वांद्र्याच्या सराव खोल्यांत गिटार-बास-ड्रमवाली पोरं ट्रंपेटवाला मिळत नाही म्हणून स्का वाजवायचं टाळतात. दोघांची गाठ पडत नाही, कारण दोघं वेगवेगळ्या मुंबईत राहतात. एकाला नोटेशन वाचता येतं आणि रस्त्यावर चार तास फुंकायचा दम आहे. दुसऱ्याकडे ठेका आहे. त्यांची दोन-तीन रविवार तालीम मंडळाच्या कार्यालयात लावून द्या. चहा वर्गणीतून. या पत्रातली ही एकच गोष्ट तुम्ही मनावर घेतलीत तरी माझं निम्मं काम झालं.

आवाजाबद्दल लपवाछपवी करत नाही. लाइव्ह बँड म्हणजे शांतता नव्हे. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे, आणि साधा ड्रमसेट माइक न लावतासुद्धा ५५ च्या वर जातो. ढोल-ताशाही जातो, आपल्या सगळ्यांना ते माहीत आहे. पण फरक आहे. डीजेचा सब-वूफर खिडकीची काच आणि आजीची छाती एकाच वेळी हलवतो, आणि दोन गाण्यांत फट ठेवत नाही. ड्रमरला काठ्यांऐवजी रॉड्सने, म्हणजे बारीक काड्यांच्या जुडीने, वाजवायला सांगता येतं. गिटारचा अँप आतल्या बाजूला वळवता येतो. स्पीकर चाळीच्या भिंतीकडे न लावता खाली, लोकांवर तिरपे लावता येतात. गाणं संपतं, टाळ्या पडतात, कान अर्धा मिनिट विसावतात. वरच्या मजल्यावरून कुणी ‘बाळ झोपलंय’ म्हणून ओरडलं तर ते वाजवणाऱ्याला ऐकू जातं.

२०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जनातल्या डीजे-डॉल्बीवाल्यांना दिलासा द्यायला नकार दिला, तेव्हापासून दरवर्षी तोच खेळ चालू आहे : नोटीस, बैठक, आश्वासन, पुन्हा भिंत. यातून वाट काढायची तर ‘डीजे नको’ एवढं म्हणून भागणार नाही. पोरांना नाचायचं असतं, आणि त्यांनी का नाचू नये? नाचायला दुसरं काहीतरी द्यावं लागेल, आणि ते दुसरं काहीतरी सुगम संगीताचा कार्यक्रम नाही.

वेळ मात्र दहाचीच. राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सूट देता येते आणि त्यातले काही दिवस आपल्या वाट्याला येतात, तरी या संध्याकाळसाठी ती सूट मागू नका. रात्रभर चालणाऱ्या पुण्याच्या सवाई गंधर्वलाही या नियमापुढे वेळापत्रक बदलावं लागलं. आपण दहाला दिवे मालवले तर काही बिघडत नाही. आणि मांडव रुग्णालयाच्या शंभर मीटरच्या आत असेल तर हा बेतच करू नका. शेजारच्या मंडळाला सुचवा.

आता कामाचं. तिन्ही बँडना मिळून एकच ड्रमसेट, एक बास अँप, दोन गिटार अँप भाड्याने घ्या. प्रत्येकाने आपापलं आणलं तर बदलाबदलीतच तास जाईल. ध्वनिव्यवस्थेवाला नेहमीचाच ठेवा, पण त्याच्या जोडीला बँडचा मिक्सिंग करणारा माणूस बसू द्या. चाचणी दुपारीच उरका, संध्याकाळच्या आरतीनंतर ‘हॅलो, चेक, चेक’ कुणालाच नको असतं. भाद्रपदात पाऊस येणारच. वरच्या ताडपत्रीइतकंच अर्थिंगकडे लक्ष द्या. ओल्या फळीवर उभ्या गिटारवाल्याचे ओठ माइकला लागले की झटका बसतो, आणि हा विनोद नाही. स्टेजसमोर खुर्च्यांच्या रांगा शेवटपर्यंत लावू नका. पुढे मोकळी जागा हवी, आणि बायका-मुलींना धक्काबुक्कीशिवाय नाचता येईल इतकी हवी. तिथे दोन जाणत्या कार्यकर्त्या उभ्या राहिल्या तर पोलिसांपेक्षा जास्त काम होतं.

क्रम माझ्या मते असा : सातला ब्लूज, कारण तेव्हा ऑफिसातून दमून आलेली माणसं मांडवात टेकलेली असतात. आठला फंक. नऊला स्का, कारण त्यानंतर कुणालाही काही वाजवता येणार नाही.

पैसे त्याच रात्री द्या, पाकिटात, आणि ठरले तेवढे. ‘आमच्या मांडवात हजारो लोक येतात, तुमचं नाव होईल’ हे वाक्य वादकांनी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर कुणीतरी फंक रचेल. कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर एखाद्या नगरसेवकाच्या फोटोखाली का होईना, पण तिन्ही बँडची नावं छापा. आणि त्यांच्याकडून एक हमी घ्या : पिऊन कुणी स्टेजवर चढणार नाही. पबची सवय पबात.

बँडवाल्या मित्रांनो, हे पत्र तुम्हीही वाचत असाल तर तुम्हालाही दोन शब्द. मांडवात सहा मिनिटांचा गिटार सोलो चालत नाही; तिसऱ्या मिनिटाला पुढची पोरं फोन काढतात. इंग्रजीत निवेदन करू नका. प्रत्येक वादकाचं नाव आणि गाव सांगा, टाळी गावाला पडते. ‘लोकांना आवडेल’ म्हणून सॅक्सोफोनवर ‘झिंगाट’ वाजवायची काही गरज नाही, ते बेंजोवाला तुमच्यापेक्षा चांगलं वाजवतो. तुमचं तुम्ही वाजवा. तुमच्यातल्या कुणाला मराठीत ब्लूज लिहायचा असेल तर विषय मात्र इथे भरपूर आहेत : पुनर्विकास, विरार लोकल, बंद गिरणीच्या जागी उभा राहिलेला टॉवर.

मंडळांना शेवटची विनंती. देखावा आणि मूर्तीचा विषय निघतो त्या पहिल्या बैठकीतच हा विषय घ्या, गणपतीच्या आठवडाभर आधी घेतलात तर काहीच होणार नाही. एखाद्या मंडळाला एकट्याने जमणार नसेल तर गल्लीतल्या तीन मंडळांनी एकेक बँड वाटून घ्यावा. बँड शोधून देणं, बँडपार्टीच्या वादकांशी बोलणं, तालमीचं वेळापत्रक लावणं ही कामं मी आणि माझे सहकारी फुकट करू. बासही मीच वाजवेन असा हट्ट नाही.

आपला,
गिरगावातला एक वर्गणीदार